बुडवायचे कागद आणि जपायचे कागद

माउली, तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण कीर्तनात कितीदा तरी ऐकली आहे. घरातले वडीलधारे माणूस गेले, की त्याच्या पेटीतले जुने कागदही असेच नदीत सोडले जातात. मोडी कोणाला वाचता येत नाही, कडा वाळवीने खाल्लेल्या असतात, मग निर्माल्याबरोबर त्यांचेही विसर्जन होते. वर कोणी म्हणतो, "तुकोबांनीही तेच केले." त्यांनी नेमके काय केले, ते एकदा नीट पाहू या.

देहूच्या त्या घराकडे महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने संसार मोडला. परंपरा सांगते, की तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि फक्त आपला वाटा डोहात टाकला. दुसऱ्याकडून आपल्याला येणे असलेली रक्कम त्यांनी सोडली. भावाच्या हक्काच्या कागदाला मात्र त्यांनी हात लावला नाही. हा विवेक कथेच्या ओघात आपल्या कानांवरून निसटतो. आपल्या पेटीतल्या कागदात केवळ आपले येणे असते का? त्यात दान देणारा असतो, साक्षीदार असतो, शेजारचा बांध असतो, देवळाच्या नंदादीपाच्या तेलाची सोय असते. दुसऱ्याची साक्ष बुडवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आता पंढरीला चला. राऊळातला चौऱ्यांशीचा शिलालेख शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळातला आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, त्याच्याही आधीचा. त्यात विठ्ठलाच्या देवळासाठी दान देणाऱ्यांची नोंद आहे. राजा रामदेवराव यादव आहे, हेमाद्री पंडित आहे आणि त्यांच्याच पंगतीत साधे भक्तही आहेत. राजाच्या शेजारी सामान्यांची नावे टिकली, ती कोणी तरी लिहून ठेवली म्हणून. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा या श्रद्धेने पिढ्यान्पिढ्या भाविकांनी त्या शिळेला पाठ घासली आणि अक्षरे झिजत गेली. भाव शुद्धच होता. पण भाव शुद्ध असला तरी अक्षर झिजते, हेही तितकेच खरे. दगडाची ही गत, मग कागदाचे काय?

कागद हरवला की काय होते, हे आपल्या मुलखाने सोसले आहे. इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले. पिढ्यान्पिढ्या इनाम खाणाऱ्यांना सनदा दाखवायला सांगितले गेले. ज्यांना पुरावा देता आला नाही, अशी हजारो इनामे खालसा झाली. ज्याच्या पेटीत सनद शाबूत, त्याच्या बोलण्याला आधार. ज्याची वाळवीने खाल्ली, त्याचे खरेही खोटे ठरण्याची भीती. गंमत अशी, की याच चौकशीच्या गरजेपोटी पेशवे दप्तराची राखण झाली. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत, त्यांतून गावोगावचा इतिहास उलगडतो.

त्याआधी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून जमिनीची नवी मोजणी सुरू झाली होती. तेहतीस फुटी साखळी शेताशेतातून फिरली. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. त्या परंपरेतली टिपणे, फाळणीचे नकाशे, आकारफोड पत्रके यांत शेताची हद्द तर सापडतेच, पण जुनी वाट, ओढा, विहीर, देवस्थानची जमीनही सापडते. खरेदीखताची चतुःसीमा वाचा: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, उत्तरेस मठाची जागा. ज्याचे नाव गावात आज कोणी घेत नाही, तो माणूस या एका ओळीत भेटतो. मृत्युपत्रात तर मनच उघडे पडते. मुलाला काय दिले, विधवा सुनेची काय सोय केली, धर्मशाळेला किती ठेवले. संतांची चरित्रे आपल्याकडे आहेत. वारकऱ्याच्या घराचे चरित्र मात्र अशाच कागदांत असते.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी हे ओळखले होते. गावोगावच्या वाड्यांतले कागद पाहत ते फिरले. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने निघू लागली, ती बावीस खंडांपर्यंत गेली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. ज्ञानेश्वरीची जुनी प्रत शोधून छापणारेही हेच राजवाडे. त्यांना पोथी आणि दप्तर या दोन गोष्टी परक्या वाटल्या नाहीत.

तेव्हा माउली, एवढे करा. जुना कागद सापडला तर त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. भिजला असेल तर उन्हात न घालता सावलीत वाळवा. घडी बळेच उलगडू नका. स्वच्छ सुती फडक्यात बांधून ओल नसलेल्या उंच जागी ठेवा. फोटो काढा आणि कागद कोणाचा, कोणत्या पेटीत मिळाला, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. घरात सांभाळणे जमत नसेल तर संशोधन मंडळाला किंवा पुराभिलेखागाराला द्या. दिंडीच्या जमाखर्चाच्या वह्या, मुक्कामांच्या याद्या, मठाची दानपत्रे, हेही त्यातच धरा.

आणि त्या कागदात कोणाकडून येणे निघाले, तर ते खुशाल सोडा. तुकोबांचे अनुकरण तिथे करावे. येणे सोडावे आणि कागद ठेवावा.

रामकृष्ण हरि.