फुलांचीं नांवें आणि पोथ्यांचे काळ : सेलूच्या परसांतून कांहीं विचार

वर्धा जिल्ह्यांत बोर नदीच्या खोऱ्यांत सेलू हें तालुक्याचें गांव आहे. नागपूरहून वर्ध्यास जाणाऱ्या रस्त्यावर अगोदर केळझर, मग सेलू आणि पुढें पवनार असा क्रम लागतो. केळीच्या बागांविषयीं या टापूचा एके काळीं मोठा लौकिक होता. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय मळ्यांतील बाग हा नसून घरामागचें परस हा आहे. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारीं चार झाडें, कुंपणावर चढविलेला एखादा वेल, आणि सकाळीं परडी घेऊन तेथें जाणारी घरांतील वडील स्त्री, एवढाच त्याचा पसारा. इतिहाससंशोधकास या परडीशीं काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. माझें म्हणणें असें कीं, हस्तलिखितांचा काळ ठरवितांना कागद, शाई, अक्षरवटिका आणि भाषा यांच्या जोडीनें ही परडीही एकदां तपासून पाहावी.

परडींत काय असतें तें पाहूं. झेंडू, शेवंती, गुलछबू, गुलबक्षी, मोगरा, जाई, पारिजातक, कण्हेर, गोकर्ण, चाफा. कुंपणावर कृष्णकमळ असल्यास त्याचें एखादें फूल. हीं सर्व फुलें आपणांस सारख्याच परिचयाचीं व सारखींच पवित्र वाटतात. परंतु यांतील झेंडू व गुलछबू यांचें मूळस्थान मेक्सिको, गुलबक्षी व कृष्णकमळ अमेरिकेकडचीं, आणि शेवंती चीनकडची. मोगरा, जाई, पारिजातक, सोनचाफा, केवडा, पळस हीं मात्र आपल्याच बाजूचीं जुनीं. अमेरिका खंडाचा शोध युरोपियनांस १४९२ सालीं लागला आणि पोर्तुगीजांनीं गोवा १५१० सालीं घेतला. अमेरिकेकडील झाडें आपल्या देशांत आलीं तीं सामान्यतः या दोन सनांनंतर. तेव्हां यादवकालीन म्हणून दाखविल्या जाणाऱ्या एखाद्या ग्रंथांत देवास झेंडूची माळ घातल्याचें वर्णन आढळलें, तर तें वर्णन तरी यादवकालीन नव्हे.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. एवढ्या एका शब्दावरून ती सबंध पोथी बनावट ठरवून अडगळींत टाकणें ही मोठी चूक होईल. नक्कल करणारा लेखक माणूसच असतो. जुन्या फुलाचें नांव त्यास कळलें नाहीं, किंवा अक्षर लागलें नाहीं, तर तो आपल्या परसांतील फूल तेथें नेऊन बसवितो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधील. तिच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें तिची शुद्ध प्रत केली, हें सर्वांस ठाऊकच आहे. तीनशें वर्षांच्या आंत जर इतक्या आदरणीय ग्रंथाची ही अवस्था झाली, तर इतरांची कथा काय? लीळाचरित्राचे तर निरनिराळ्या परंपरांचे निरनिराळे पाठ आहेत. अशा ठिकाणीं मागाहून शिरलेल्या फुलाचें नांव हा दोष न मानतां साक्षीदार मानावा. मूळ ग्रंथाविषयीं तें कांहीं सांगत नाहीं. नकलेच्या काळाविषयीं मात्र निश्चित सांगतें. उलट बाजूनें, पोथींत परदेशी फूल नाहीं म्हणून ती जुनी, हें अनुमान सर्वस्वीं टाकाऊ होय. आजही एखादा कवि केवळ कमळ व केतकी यांवर काव्य रचूं शकतो.

दुसरी अडचण नांवांचीच आहे, आणि ती अधिक कठीण. नांव जुनें व फूल नवें असा प्रकार पदोपदीं आढळतो. चाफा हें त्याचें उत्तम उदाहरण. संस्कृत चंपक म्हणजे आपला सोनचाफा. पुढें अमेरिकेकडून दुसरें एक झाड आलें. त्यास चीक असतो, फांद्या जाड व ठिसूळ, पानें गळालीं तरी फुलें येतात. त्यासही लोकांनीं चाफाच म्हटलें. कोणी पांढरा चाफा म्हणतात, कोणी खुरचाफा. तें देवळांच्या आवारांत इतकें रुजलें कीं, तें तेथलेंच पुरातन झाड वाटावें. अर्थात् पोथींत नुसता 'चाफा' असल्यास त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. शेवंतीची गोष्टही तशीच. मराठींत शेवंती म्हणजे थंडीच्या दिवसांत फुलणारें, अनेक पाकळ्यांचें, आपल्या परिचयाचें फूल. हिंदींत सेवती म्हणजे पांढरा गुलाब. नागपूर प्रांतांत मराठी व हिंदी दोन्ही भाषा शेजारीं नांदल्या, म्हणून तेथील कागदांत हा शब्द आला असतां कारकून कोणत्या भाषेचा, हें आधीं पाहिलें पाहिजे.

सर्वांत फसवें नांव निशिगंध हें होय. शब्द शुद्ध संस्कृत वळणाचा, फूल पांढरें, वास रात्रीं येणारा. कालिदासाच्या नायिकेनें तें केसांत माळलें असेल, असें कोणासही वाटावें. परंतु तें गुलछबूचेंच दुसरें नांव आहे आणि झाड मेक्सिकोचें आहे. कृष्णकमळाचा प्रकार तर याहून मनोरंजक. या फुलांत बाहेर जे पुष्कळ बारीक तंतू असतात ते शंभर कौरव, मधले पांच केसर ते पांडव आणि त्यांवरचा तो श्रीकृष्ण, अशी कल्पना आपल्याकडे घरोघर सांगतात. दक्षिण अमेरिकेंत गेलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांनीं याच फुलांत येशूच्या शिरावरचा कांट्यांचा मुकुट व त्याला ठोकलेले तीन खिळे पाहिले, आणि त्यावरूनच युरोपीय भाषांत त्याचें नांव पडलें. एकाच फुलानें दोन समाजांस आपापली कथा सुचविली. आपली कथा महाभारताची असली तरी ती रचली गेली ती वेल येथें आल्यानंतर, हें उघड आहे. आणि लोककथा किती थोड्या काळांत 'पुरातन' होते याचें हें चांगलें माप आहे.

मग अनुमानास आधार कोणता धरावा? सुदैवानें तारीख निश्चित असलेले कांहीं टप्पे आपणांजवळ आहेत. पहिला, गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा गोव्यास १५६३ सालीं छापलेला संवादग्रंथ. त्यांत पारिजातकाचें वर्णन आहे. रात्रीं फुलणारें व दिवसा उदास दिसणारें झाड म्हणून तो त्यास दुःखी वृक्ष म्हणतो आणि फुलांच्या देठांनीं अन्नास केशराप्रमाणें रंग देतात, हेंही नमूद करतो. दुसरा, अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरींतील याद्या. त्यांत सुवासिक फुलें निराळीं व केवळ शोभेचीं निराळीं दिलीं आहेत. तिसरा टप्पा आम्हां नागरी वाचणारांस विशेष मोलाचा. डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानें मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ बारा खंडांत काढला. ते खंड १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲमस्टरडॅम येथें छापले. या कामांत त्यास साह्य करणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते. त्यांचें १६७५ चें प्रशस्तिपत्र पहिल्या खंडांत नागरी लिपींतच दिलेलें आहे, आणि वनस्पतींच्या चित्रांवरही इतर लिपींबरोबर नागरींत नांवें कोरलेलीं आहेत. शिवछत्रपतींच्या हयातींत लिहिलेला, झाडाचें चित्र शेजारीं असलेला असा नांवांचा आधार दुसरीकडे क्वचितच मिळेल. त्यानंतरचा टप्पा म्हणजे मोल्सवर्थचा कोश. पहिली आवृत्ति १८३१, दुसरी १८५७.

आतां मराठी मुलखांतील जुन्या आधारांकडे वळूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१ च्या सुमारास मानसोल्लास रचिला. राजाच्या उपभोगांत त्यानें माल्योपभोग म्हणून स्वतंत्र प्रकरण दिलें असून उपवनांतील क्रीडाही वर्णिल्या आहेत. माळ गुंफणें ही त्या काळीं शास्त्रांत बसविलेली कला होती, हें यावरून दिसतें. भांडारकर संस्थेचे कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं गंधसार व गंधवाद या सुगंधविषयक ग्रंथांचें हस्तलिखित उजेडांत आणिलें. त्यांतील गंधवादावर मराठी टीका आहे. अत्तरें व उटणीं करण्याची कृति मराठींत लिहून ठेवावी असें कोणास तरी वाटलें, हीच मोठी गोष्ट. गोडे यांनीं रंगवल्लीच्या, म्हणजे आपल्या रांगोळीच्या, इतिहासावरही लिहिलें आहे. राजेरजवाड्यांच्या पत्रांमागें धांवणाऱ्या आम्हां मंडळींस त्यांनीं दाखविलेली ही वाट अजून पुरती रुळलेली नाहीं.

फुलांपासून मनुष्यानें जें जें केलें त्यांत रंगाचें प्रकरण सर्वांत मोठें. सेलूच्या उत्तरेस बोरच्या जंगलाकडे फाल्गुनांत पळस फुलतो. त्याचीं फुलें उकळून पिवळा-केशरी रंग काढण्याची रीत सर्वपरिचित आहे. कुसुंब्याची रीत याहून नाजूक. करडईच्या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा पाण्यांत सुटतो, तो धुऊन टाकावयाचा. मग खाराच्या पाण्यांत तांबडा उतरतो, आणि त्यांत लिंबाचा रस घातला म्हणजे तो कापडावर बसतो. आंबट कमी पडलें तर रंग चढत नाहीं, खार अधिक झाला तर फिका पडतो. १८५६ सालीं पर्किननें कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग तयार केला आणि पुढें अशा रंगांच्या पुड्या बाजारांत आल्या. तेव्हांपासून कुसुंबा मागें पडला. करडईचें पीक राहिलें, परंतु तेलासाठीं. कुसुंबी रंगाची दुसरी खूण अशी कीं तो उन्हानें लवकर उडतो. रुमालांत बांधलेल्या दप्तराच्या आंतल्या घडीचा रंग गर्द व बाहेरचा विटका आढळल्यास कुसुंब्याची शंका घेण्यास जागा आहे. अशीं जुनीं बासनें धुऊन टाकण्याची संवय फार वाईट.

शब्दांइतकीच चित्रांचीही साक्ष घ्यावी, परंतु तेथें सावधपणा दुप्पट हवा. पैठणीच्या पदरावरील असावली, अजिंठ्याच्या छतांवरील कमळवेली, पोथीच्या हाशियावरील फुलें, यांत कारागिराचा हात झाडाशीं इमान राखतोच असें नाहीं. याचें प्रसिद्ध उदाहरण सीताफळाचें. सर अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीं १८७९ मध्यें भारहूतच्या स्तूपावर ग्रंथ लिहिला, त्यांत तेथील शिल्पांतलें एक फळ त्यांनीं सीताफळ म्हणून ओळखलें. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं आक्षेप घेतला कीं हें झाड अमेरिकेचें, तें इसवी सनापूर्वी येथें कोठून आलें? शिल्पांतील फळ फणस किंवा कमळाचें बोंड कां नसावें? वाद पुष्कळ वर्षें चालला, आणि अलीकडे उत्तर भारतांतील कांहीं उत्खननांत सीताफळाचे जुने अवशेष मिळाल्याचें सांगण्यांत आल्यामुळें तो पुन्हां उघडला आहे. विदर्भाच्या टेकड्यांवर सीताफळ रानटी वाढतें, त्याच्या नांवांत सीता आहे, आणि रामफळ त्याचें भावंड. तेवढ्यानें तें रामायणकालीन ठरत नाहीं. माझा कल आक्षेपकांकडे आहे. परंतु जळकें बीं व शिल्पांतील आकृति हे दोन वेगळ्या तोलाचे पुरावे असून पहिल्याची वाट पाहिली पाहिजे.

जमिनीची साक्ष कशी अकल्पित मिळते याचें उदाहरण सेलूच्या शेजारींच आहे. पवनारास धाम नदीच्या कांठीं १९३८ सालीं विनोबा भावे राहावयास आले. तेथें जमीन खणतांना रामभरत-भेटीची मूर्ति निघाली; या जागेंत आणखीही शिल्पें मिळालीं. म. म. वा. वि. मिराशी यांनीं पवनार म्हणजेच वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याचें प्रवरपूर असें प्रतिपादिलें. पुढें कांहीं विद्वानांनीं मनसरच्या बाजूनें मत दिलें आहे. नागपूर विद्यापीठानें १९६७ सालीं पवनारास उत्खनन केलें. आज तशा पांचव्या शतकांतील मूर्तीपुढें कोणी झेंडूचें फूल ठेवलें तर त्यांत कोणास विसंगति वाटत नाहीं, आणि भक्ताच्या दृष्टीनें ती नाहींच. निर्णयसिंधूसारख्या ग्रंथांत विजयादशमीस अपराजितापूजन, शमीपूजन व सीमोल्लंघन सांगितलें आहे; झेंडूचें तोरण ही लोकांनीं घातलेली भर. अपराजिता म्हणजे गोकर्ण. ती परसांत अजून आहे, परंतु दसऱ्याच्या बाजारांत तिला कोणी विचारीत नाहीं.

संग्राहकांस माझी विनंति दोन प्रकारची आहे. जुनीं दप्तरें उलगडतांना सनदा, महजर, वंशावळी वेंचून बाकीचा कागद रद्दींत देण्याची पद्धति पडली आहे. त्या रद्दींत कशिद्याचे खाके, रांगोळीचीं पानें, कोणत्या वारीं कोणत्या देवास कोणतें फूल वाहावें याचीं टिपणें आणि रंगाच्या कृति असतात. हे कागद बहुधा स्त्रियांच्या हातचे किंवा त्यांच्या उपयोगाचे असल्यामुळें त्यांवर सन नसतो, म्हणून ते निरुपयोगी समजले जातात. फुलांच्या नांवांनीं त्यांस काळाची एक बाजू तरी मिळूं शकते. दुसरी विनंति अशी कीं, ज्याच्या घरीं हातभर जागा आहे त्यानें सोनचाफा, पारिजातक, गोकर्ण व चार सऱ्या करडई अवश्य लावावी. पारिजातकाच्या देठांचा रंग स्वतः काढून कागदाच्या तुकड्यावर लावून पाहिल्याशिवाय पोथीच्या हाशियावरील पिवळा डाग केशराचा, हरताळाचा कीं पारिजातकाचा, हें सांगण्याचें धाडस करूं नये. हरताळ विषारी आहे. त्याचा प्रयोग घरीं करूं नये.

अशीं पानें मिळाल्यास कोणत्या गांवीं, कोणत्या बस्त्यांत, कोणत्या कागदांच्या जोडीनें मिळालीं, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. मात्र पानावर लिहूं नये, निराळ्या चिठीवर लिहून ती चिठी पानासोबत ठेवावी. पानांत दाबून ठेवलेलें वाळकें फूल निघाल्यास तेंही फेंकूं नये, आणि ज्या पृष्ठांच्या दरम्यान निघालें त्यांचे अंक चिठीवर नोंदावे.