लेकराचा पासपोर्ट वेगळा
कोरोनाच्या इतिहासातलं हे पान विसरायला नको. आपल्या जळगाव-धुळ्याची कितीतरी पोरं अमेरिकेत नोकरीला आहेत. तिथे जन्मलेली त्यांची लेकरं अमेरिकी नागरिक; भारतात येण्यासाठी त्यांच्याकडे ओसीआय कार्ड. मार्च २०२० मध्ये सरकारने या कार्डावरचा व्हिसाविना प्रवेश थांबवला. ७ मे पासून अडकलेल्यांना आणणारी ‘वंदे भारत’ विमानं सुटली, तर आई-बापाला परवानगी आणि तान्ह्या लेकराला नाही! २२ मे ला अशा अल्पवयीन मुलांना सवलत मिळाली. ‘ओव्हरसीज सिटिझन’ या नावात नागरिक आहे, कायद्यात ते नागरिकत्व नाही; हे अनेक घरांना तेव्हाच कळलं. माझं म्हणणं एवढंच, सीमा जरूर बंद करा, पण नियम काढतानाच कुटुंब तुटतंय का ते बघा.