खंड कोणता, पान कोणते?

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर या चौघांच्या व्याख्या त्यांनी नावानिशी उद्धृत केल्या आणि मगच त्यांतल्या उणिवा दाखवल्या. वय अवघे २५!

आणि आम्ही? ‘बाबासाहेब म्हणाले’ एवढ्यावर व्हॉट्सॲपवरचे वाक्य थेट प्रबंधात टाकतो. परीक्षक खंड आणि पान विचारतो, आम्ही गप्प. त्या एका बनावट वाक्यासोबत आमचा खरा मुद्दाही फेकला जातो. विरोधकाला आयते कोलीत! वास्तविक हाच निबंध महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या इंग्रजी पहिल्या खंडात आहे.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये संदर्भ दिलेले नव्हते, हिंदी अनुवाद करताना भदंत आनंद कौसल्यायनांनी मूळ पाली आधार शोधून काढले.