लोण्याची प्रत आणि सहकार : डेन्मार्कचा दाखला

एकोणिसाव्या शतकात डॅनिश जमीनदारांच्या लोण्यास इंग्लंडमध्ये चढा भाव मिळे. लहान शेतकऱ्यांचे लोणी मात्र हलके ठरे. साय वर येण्यासाठी दूध दीर्घकाळ स्थिर ठेवावे लागे. त्यामुळे घरोघरचे दूध एकत्र करणे दुष्कर होते. १८७८ च्या सुमारास निघालेल्या साय वेगळी करणाऱ्या यंत्राने ही अडचण दूर केली, आणि १८८२ साली पश्चिम जटलंडमधील येडिंग येथे डेन्मार्कमधील पहिली सहकारी दुग्धशाळा स्थापन झाली. परंतु एकाच्या नासक्या दुधाने सर्वांचेच लोणी बिघडे. म्हणून स्वच्छतेचे निर्बंध सभासदांनी आपण होऊन पत्करले. सहकारी संस्थांच्या डॅनिश नावांतील ‘आन्देल’ या शब्दाचा अर्थ ‘वाटा’ असा आहे. हा वाटा नफ्याइतकाच जबाबदारीचाही होता; लोण्याच्या प्रतीचे मर्म येथेच शोधले पाहिजे.