भाड्याची खोली, मालकीचे घर

मुंबईत नोकरी लागली की दोन प्रश्न एकदम समोर येतात. आज राहायचे कुठे, आणि स्वतःचे घर कधी घ्यायचे? शहराची मजा घ्यावी तर पैसा उरत नाही. पैसा साठवावा तर ऐन उमेदीची वर्षे निघून जातात. ही ओढाताण आजच्या तरुणांचीच आहे असे वाटते. पण तिला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली साधारण 160 चौरस फुटांची, नळ आणि संडास सामायिक. तरीही माणसे तिथे रमली, कारण गिरणी जवळ होती आणि शेजार अडीअडचणीला धावून येणारा होता. गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. भाडेकरू एका खोलीचे भाडे देई आणि त्याला सारी वस्ती मिळे.

याच शहरात एक मधला मार्गही निघाला होता. 1915 साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. सभासदांनी भाग घेतले. इमारत संस्थेची आणि सभासद संस्थेचाच भाडेकरू. बचत करायची, पण शहर सोडायचे नाही, हे त्यामुळे साधले.

मग भाडेनियंत्रण आले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 मध्ये, ते तात्पुरते होते. 1947 च्या कायद्याने मात्र भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून ठेवली. फाळणी आणि टंचाईच्या त्या काळात हजारो कुटुंबांना या कायद्याने आधार दिला, हे विसरून चालणार नाही. पण भाडे तिथेच राहिले आणि महागाई वाढत गेली. मालकांनी दुरुस्ती सोडली, भाड्यासाठी नवी घरे बांधणे जवळजवळ थांबले आणि पागडीचा व्यवहार वाढला. अखेर 1969 साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला कायदा करून स्वतंत्र मंडळ नेमावे लागले.

स्वस्त भाड्यामुळे जे चार पैसे उरत, ते कुणी पोस्टात आणि विम्यात ठेवले, तर कुणी ‘खोली आहेच की’ म्हणून खर्चून टाकले. इमारत धोकादायक ठरल्यावर या दोन कुटुंबांतला फरक उघड झाला.

1963 मध्ये मालकीच्या सदनिकांचा कायदा झाला आणि 1977 साली एचडीएफसी स्थापन झाली. मध्यमवर्गाला कर्ज काढून घर घेण्याची वाट मोकळी झाली. पण परवडणारे घर होते बोरिवलीला किंवा डोंबिवलीला. दाराला स्वतःच्या नावाची पाटी लागली. मात्र रोजचे दोन-तीन तास लोकलमध्ये गेले आणि गिरगावातले नाटक रंगात असतानाच शेवटच्या गाडीची वेळ पाहावी लागली. घराच्या किमतीत हेही धरायला हवे.

1997 साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. 1999 चा नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने जुन्या भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढ मान्य केली आणि पागडीलाही मान्यता दिली. आजचा तरुण मात्र बहुधा 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. मुदत संपली की जागा सोडायची. आजोबांना खोली जन्मभर पुरली. नातवाला ती खात्री नाही.

म्हणून भाड्याने राहणे म्हणजे पैसा वाया घालवणे, हे जुने वाक्य अर्धेच खरे आहे. कामाजवळ राहून वाचलेला वेळ आणि शहराचा सहवास यांनाही मोल आहे. पण भाडे आणि कर्जाचा हप्ता यांतला फरक पगाराच्या दिवशीच बाजूला पडला, तरच हे गणित जमते. आणि बचतीचा सगळा भार एकट्या कुटुंबावर टाकून भागणार नाही. गावदेवीच्या सभासदांनी 1915 साली एकत्र येऊन जे केले, त्याची शहराला आजही गरज आहे.