शेळ्यांचा फुप्फुसदाह : एका रोगाच्या ओळखीची कथा



रोगाशीं झुंजावयाचें तर प्रथम त्याची ओळख पटली पाहिजे. ही ओळख पटावयास किती काळ जातो, आणि तोंपर्यंत गरिबाला केवढी किंमत मोजावी लागते, हें शेळ्यांच्या सांसर्गिक फुप्फुसदाहाच्या इतिहासावरून चांगलें कळतें. शेळीला गरिबाची गाय म्हणतात तें उगीच नव्हे. अडीअडचणीला विकतां येणारी त्याची ठेवही तीच. हा रोग नव्या कळपांत शिरला म्हणजे शेळ्यांना ताप चढतो, खोकला व धाप लागते. मान लांबवून, पुढचे पाय फांकवून त्या उभ्या राहतात, आणि शेंकडा ६० ते ८० दगावतात.

या रोगाचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८७३ सालीं तोमा नांवाच्या फ्रेंच पशुवैद्यानें अल्जीरियांत केलें. तेथील धनगर त्याला ‘बू फ्रीदा’ म्हणत. या नांवांत ‘एकटें’ असा अर्थ आहे. कारण बहुधा एकाच बाजूचें फुप्फुस बिघडलेलें आढळे. मेंढपाळांचें निरीक्षण अचूक होतें; पण तोमासाहेबांनीं दोष दिला तो हवेंतील फेरबदलाला. हवेपुढें कोणाचा इलाज? तेव्हां प्रतिबंधाचा विचारच खुंटला.

हा समज १८८१ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेंतील केप वसाहतींत ढळला. तुर्कस्तानांतून आणलेल्या अंगोरा शेळ्यांबरोबर रोग तेथें उतरला. या शेळ्यांच्या लोकरीचा व्यापार मोठा, म्हणून धास्तीही मोठी. वसाहतीचे पशुवैद्य डंकन हचन यांना दिसून आलें कीं, रोग हवेमागें जात नसून आजारी जनावरामागें जातो. त्यांनीं बाधलेले कळप मारविले, आणि संसर्गांत आलेल्या इतर शेळ्यांना रोगट फुप्फुसाचा अंश कातडीखालीं टोचविला. ही कल्पना नवी नव्हती. बेल्जममधील विलेम्स यांनीं १८५२ सालींच गुरांच्या फुप्फुसदाहावर अशी टोचणी प्रसिद्ध केली होती. आणि १८५३ सालीं हॉलंडमधून आलेल्या बैलांबरोबर तो गुरांचा रोग केपमध्यें शिरून त्यानें हाहाकार उडविला होता. हचन यांच्या उपायांनीं शेळ्यांची साथ तेथून निपटून निघाली.

पण रोगाचा कर्ता कोण, हा प्रश्न उरलाच. गुरांच्या रोगाचा जंतु नोकार व रू यांनीं १८९८ सालीं वाढविला. शेळ्यांचा मात्र हातीं लागेना. आजारी शेळ्यांत त्याचाच एक भाऊबंद सांपडे, आणि अनेक वर्षें त्यालाच गुन्हेगार मानण्यांत आलें. खरा जंतु इतका नाजूक कीं प्रयोगशाळेंत तो सावकाश वाढतो आणि इतर जंतु त्याला झांकून टाकतात. चोर एक आणि पहारा दुसऱ्यावर, अशी स्थिति; मग भलत्याच जंतूची लस काय कामाची?

अखेर १९७६ सालीं केनियांत मॅकोवन व मिनेट यांनीं ‘एफ-३८’ हा जंतु वेगळा केला, आणि त्यानें निरोगी शेळ्यांत तोच रोग उत्पन्न होतो हें दाखविलें. १९९३ सालीं त्याला शास्त्रीय नांव मिळालें. केनियांतच त्याची लस तयार झाली. आपल्या रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिन नामक द्रव्यामुळें. त्याच जातीच्या द्रव्यानें जंतु मारून ही लस करतात, आणि प्रयोगांत तिचें रक्षण वर्षाहून अधिक टिकलें. निदानही सोपें झालें. रक्ताच्या एका थेंबावर जागच्या जागीं परीक्षा होऊं लागली. छातींतील पाणी टिपकागदावर वाळवून दूरच्या प्रयोगशाळेंत धाडलें, तरी त्यांतून जंतूच्या आनुवंशिक द्रव्याचा माग काढतां येतो.

तरीही कथा संपलेली नाहीं. २०१२ सालीं तिबेटांतील रानटी चिरू हरणांतही हाच जंतु सांपडला. लस व परीक्षा हीं साधनें आपल्या हातीं आलीं खरीं. पण बाजारांतून आणलेली नवी शेळी कांहीं आठवडे वेगळी बांधावी, आणि कळपांत खोकला ऐकूं येतांच ‘हवा बदलली’ म्हणून स्वस्थ न बसतां पशुवैद्याला बोलवावें, हा शहाणपणा ज्याचा त्यानेंच बाळगावयाचा आहे. तोमासाहेबांचा समज मोडून शतक उलटलें. आपण तरी तो पुन्हां जवळ करूं नये.