घरात गाडी आहे, पण चावी कोणाकडे?

आज गोष्ट गाड्यांची. शोरूममधल्या नाही, घराच्या अंगणात उभ्या असलेल्या. त्यासाठी मी जिल्हा निवडलाय नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर. क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, आणि बहुतेक लोक खेड्यांत राहणारे.

इथल्या शेतकऱ्याच्या घरचं पहिलं वाहन म्हणजे बैलगाडी. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांचा प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा ऊस तिच्यातूनच जायचा. बाजाराला, जत्रेला सगळं घर तिच्यातच बसायचं. लांब जायचं तर एसटी. १ जून १९४८ ला राज्यातली पहिली एसटी धावली तीच मुळी पुणे ते नगर!

मग १९७२ मध्ये लुना आली. कायनेटिकची ही छोटी मोपेड बनायची नगरच्याच कारखान्यात. ५० सीसीचं इंजिन, वजनाला हलकी, गिअर नाही, वर पायडल. त्या काळात बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. लुना त्यामानाने आवाक्यातली. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की साडी नेसलेली बाईसुद्धा ती आरामात चालवू शकायची.

१९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर स्ट्रोक इंजिन, पेट्रोल कमी पिणारं. दुधाचे कॅन, खताची गोणी, मागे एखादा पाहुणा, सगळं चालायचं. गावाने मोटारसायकल आपलीशी केली. पण किक मारायची, गिअर टाकायचे, वर टाकीवरून पाय टाकून बसायचं. ही गाडी बहुतेक घरांत बापाची नाहीतर पोराची झाली. बाई मागच्या सीटवर, एका बाजूला पाय सोडून.

आता आकडे बघा. २००१ च्या जनगणनेत पहिल्यांदाच घरोघरी विचारलं गेलं, की तुमच्याकडे सायकल, दुचाकी, कार-जीप यांतलं काय आहे? देशाच्या ग्रामीण भागात तेव्हा ६.७ टक्के घरांत दुचाकी होती. २०११ ला १४.३ टक्के. दहा वर्षांत दुपटीहून जास्त! कार-जीपवाली घरं १.३ वरून २.३ टक्क्यांवर गेली. सायकलवाली ४२.८ वरून फक्त ४६.२ वर. बैलगाडी आणि ट्रॅक्टर तर त्या यादीतच नव्हते.

ही प्रगती खरीच आहे. पण प्रश्न होता ‘घरात गाडी आहे का?’ असा. ‘गाडी कोण चालवतं?’ हे कुणी विचारलंच नाही. सकाळी सातला एकुलती एक गाडी दूध घालायला गेली, की कागदावर ते घर गाडीवालं, आणि दहावीतली मुलगी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी.

हा फरक दिसला तो नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ च्या एसटी संपात. कोरोनानंतर शाळा नुकत्याच उघडत होत्या. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. संपात पास होता हातात, पण गाडीच नव्हती. ज्याच्याकडे चावी, तो निघाला. बाकीच्यांनी वडाप शोधलं, पायपीट केली, नाहीतर घरी बसले.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. अंगणात मोटारसायकल उभी असलेल्या घरांतल्या बायकाही त्या एसटीत बसतात. का, ते आता वेगळं सांगायला नको.

म्हणून गावात किती गाड्या आल्या हे मोजताना मी अजून दोन गोष्टी विचारीन. घरातल्या किती जणींना ती चालवता येते? आणि गावात शेवटची एसटी किती वाजता येते? तुमच्या घरातली उत्तरं काय आहेत? आज रात्री जेवताना विचारून बघा. भेटू पुढच्या भागात.